मनिरामच्या घरचा

"तुमचं माहेर कुठलं हो?" सुशीलाबाईंनी विचारलं तेव्हा प्रेमिलाच्या हातात पानसुपारीचं तबक होतं. उत्तर द्यायला ती इतकी थांबली की सुशीलाबाईंना वाटलं, गर्दीत ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली म्हणून गोंदियाच्या वाचनालयात सभा भरली होती आणि ती नुकतीच संपली होती. खुर्च्या सरकत होत्या. व्यासपीठाजवळ मास्तरांभोवती माणसं जमली होती, आणि अध्यक्षपदी बसलेले राईस मिलवाले छोटेलाल सेठ मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणत होते, "मास्टरसाहब, रुला दिया आपने. आपका गाँव तो चला गया, पर कविता में बस गया." मास्तर मान खाली घालून हसत होते. मास्तर म्हणजे खुशाल, तिचा नवरा. गावातले सगळे त्याला मास्तर म्हणत आणि लग्नानंतर तीही तेच म्हणायला लागली होती. मुलींच्या शाळेवर नागपूरहून नव्यानंच मुख्याध्यापिका होऊन आलेल्या सुशीलाबाईंचे डोळे अजून ओले होते. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "नाही, मला वाटलं, अशा माणसाशी संसार करणं सोपं नसेल. ज्याचं गाव डोळ्यांदेखत पुसलं गेलं, त्याच्या मनात ते सारखं चालूच असणार. तुमचं माहेर असेल ना अजून जागच्या जागी?" प्रेमिला म्हणाली, "चोरखमाऱ्याकडचं आहे." म्हणाली आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. चोरखमाऱ्याला मामा होते. जमीन गेल्यावर बाबा बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले, इतकंच. माहेर बिरसीच्या विमानांच्या मैदानाखाली होतं. आत्ताच अर्धा तास सगळी सभा ज्याच्यासाठी रडली ते गाव, ते बोडीचं तळं, तो बाप, हे तिचं माहेर होतं. ते तिला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण तबक जड झालं, आणि सुशीलाबाई "अरे वा, तलावाचं गाव" असं म्हणून मास्तरांकडे वळल्यासुद्धा.

घरी येताना मास्तर गप्प होते, आणि ते गप्प राहणं सुखाचं होतं हे तिला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. टाळ्या मिळाल्या की ते असे सावकाश चालत. बाजारातून जाताना मिलमधून येणारा कोंड्याचा गरम वास अंगावर येत होता, जंक्शनवर छोट्या लाईनीचं इंजन शिट्टी घालत होतं, आणि तिच्या डोक्यात कवितेच्या त्या चार ओळी फिरत होत्या. तिला त्या थांबवता येत नव्हत्या. 'माझ्या बापाच्या बांधीवर परक्यांची पाखरं उतरली. ओंबीत दूध भरायच्या आधी धुऱ्यांची हाडं मोडली.' तिनं त्या किती वेळा ऐकल्या होत्या. सौंदडच्या आठवडी बाजारात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सव्वीस जानेवारीला, गणपतीच्या मांडवात. ऐकताना तिला नेहमी अभिमान वाटे, निदान तो अभिमानच आहे असं ती धरून चालली होती. आज पहिल्यांदा तिला त्यातला एकच शब्द ऐकू आला. माझ्या. भाकरी खाताना दाताखाली खडा यावा आणि मग पुढचा प्रत्येक घास जपून चावावा, तसं तिला झालं. ती मनातल्या मनात ओळ म्हणून पाहत होती आणि त्या शब्दापाशी थांबत होती.

लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मास्तर तेव्हा सौंदडच्या शाळेवर होते. स्टेशनामागच्या खोलीत बिऱ्हाड, समोर दूरवर बांधांनी अडवलेली धानाची शेतं, बांध्या, आणि दिवसातून मोजक्या गाड्या. नवऱ्याशी काय बोलावं ते तिला ठाऊक नव्हतं. घरी तिला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. शाळा सुटली की मास्तर अंगणात खाटेवर पडत आणि एकदा म्हणाले, "सांग ना काही. तुझ्या गावाचं सांग." गाव उरलं नव्हतं तेव्हा. बिरसीला लागून त्यांची पांगरटोली होती, थोडीशी घरं, एक बोडी आणि तिच्या पाण्यावर पिकणाऱ्या बांध्या. लढाई सुरू झाली आणि गोऱ्यांच्या सरकारला विमानं उतरवायला सपाट जागा हवी झाली. साहेब आला, दुर्बिणीतून पाहून गेला, झेंड्या लागल्या. घरं उठवली. हे तिनं सांगितलं. मग मास्तरांनी विचारलं, बोडीवर काय होतं? ती म्हणाली, कमळं होती, आणि कमळाच्या देठाची भाजी माय करायची. धुरा म्हणजे? धुरा म्हणजे बांधीचा बांध, त्याच्यावरून चालताना पाय घसरला की बाबा हसायचे. ती बोलत गेली. मास्तर डोळे मिटून ऐकत आणि मध्येच डोळे उघडून तिच्याकडे असं बघत, जणू तिनं कुठूनतरी लुगड्याच्या ओच्यात भरून काही आणलं आहे. त्या बघण्यासाठी ती आणखी आठवायची. दिवसभर भांडी घासताना, धान पाखडताना आठवून ठेवायची, संध्याकाळी सांगायला. तिला त्या खोलीतल्यासारखं सुख पुन्हा कधी झालं नाही. पुढे मुलं झाली नाहीत, त्याचं दुःख झालं. पण त्या संध्याकाळी संपल्या त्याचं दुःख वेगळं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

कविता झाली तेव्हा मास्तरांनी ती आधी तिलाच म्हणून दाखवली होती. ऐकताना तिच्या अंगावर काटा आला. शेवटी त्यात आशा होती. 'उद्या उजाडेल तेव्हा हे मैदान ओलं होईल, माती दाबणाऱ्या पोलादाखालून धानाचं बोट वर येईल.' ती रडली होती. मग हळूच म्हणाली होती, "पण हे माझ्या बाबांचं आहे ना?" मास्तर हसले. म्हणाले, "कवितेत माझ्या म्हणावं लागतं. बायकोच्या बापाची बांधी म्हटलं तर कोण ऐकेल?" तिलाही हसू आलं होतं. ते खरंच हसण्यासारखं होतं. ती कविता मास्तरांनी सौंदडच्या बाजारात उभं राहून म्हटली, आणि पोलीस त्यांना घेऊन गेले. काही दिवसांनी सोडलं, पण परत आले तेव्हा डाव्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. आजही येत नाही. शब्दांची किंमत त्यांनी दिली होती, तिनं नाही. ती तर दारात उभी राहून नुसती रडली होती. बाबांना चोरखमाऱ्याला जाऊन तिनं हे सांगितलं तेव्हा बाबा तंबाखू मळत म्हणाले होते, "जवाई मोठा हिमतीचा आहे. पर कवितेनं जमीन वापस भेटते का?" आणि स्वतःच उत्तर दिलं होतं, "भेटन. राज्य आपलं आलं का भेटन." ते राज्य यायच्या आदल्या हिवाळ्यात बाबा गेले. राज्य आलं. विमानं गेली. मैदान तसंच राहिलं, गवत वाढलं, कुणी परत दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. आणि कविता मात्र दरवर्षी आणखी मोठी होत गेली.

सुशीलाबाई पुढच्या रविवारी घरी आल्या. मास्तरांच्या कवितांचं पुस्तक काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, छोटेलाल सेठ छापायला मदत करणार होते. पुस्तकाच्या सुरुवातीला कवीची ओळख हवी, म्हणून त्या विचारायला लागल्या. प्रेमिला आत चहा करत होती. भिंतीपलीकडून आवाज येत होते. "तुमच्या लहानपणीची बोडी कशी होती, मास्तर?" आणि मास्तर सांगत होते, "कमळांनी भरलेली असायची. देठांची भाजी करतात आमच्याकडे." दुधाला उकळी आली होती. आमच्याकडे. मास्तरांच्या स्वतःच्या गावाला बोड्या होत्या की नव्हत्या, कमळं होती की नव्हती, कोण जाणे, असतीलही. खोटं असं काहीच नव्हतं. मास्तर असं बोलत की एकही वाक्य खोटं पडू नये. "वडील फार स्वाभिमानी असतील," सुशीलाबाई म्हणाल्या. "जमीन दाबणाऱ्या रुळाच्या यंत्रासमोर हात पसरून उभे राहिले, हे तुम्ही लिहिलंय." मास्तर खाकरले. मग म्हणाले, "त्या माणसाचं काय सांगावं." प्रेमिला चहा घेऊन बाहेर आली आणि तिथंच उभी राहिली. आता ते म्हणतील, हिला विचारा, असं तिला वाटलं. त्यांनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "साखर कमी घातलीस ना? बाईंना कमी लागते." बाईंना साखर कमी लागते हे त्यांना ठाऊक झालं होतं.

मत्सर म्हणजे काय ते तिला माहीत होतं. शेजारच्या बायका सुशीलाबाईंबद्दल कुजबुजत होत्या, एकीनं तर मुद्दाम विचारलं होतं, काऊन येऊन राहिल्या त्या रोज रोज? प्रेमिलानंही आठ दिवस स्वतःला तसंच समजावून पाहिलं. बाईंची पांढरी साडी, त्यांचं स्वच्छ नागपुरी बोलणं, हसताना मास्तरांच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसणं, या सगळ्याचा तिनं राग राग करून पाहिला. तसं असतं तर सोपं होतं. पण राग त्या जागी टिकत नव्हता. सुशीलाबाई गेल्या की तो संपायचा आणि मास्तर एकटे बसून ओळी पुटपुटायला लागले की पुन्हा यायचा. तिला मास्तरांचाच मत्सर वाटत होता. त्यांना तिचा बाप होता. तिला नव्हता. ती बाबांना आठवायला जायची आणि समोर कवितेतला माणूस उभा राहायचा, उंच, हात पसरलेला, वाऱ्यात धोतर फडफडणारा. बाबा बुटके होते. हे आठवायला तिला एकदा सबंध दुपार लागली. बाबांचा आवाज कसा होता ते आठवेना. आठवायचा तो मास्तरांचाच, सभेतला, शेवटच्या ओळीला खाली उतरणारा. जे तिनं ओच्यात भरून नेऊन दिलं होतं त्यातलं घरी काहीच उरलं नव्हतं.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती बोलली. मास्तर पेपर तपासत होते. "बाईंना तुमी सांगतलं काऊन नाही? का बा ते माझं माहेर होय म्हणून." रागात तिची बोली पुढे यायची. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "विचारलं नाही त्यांनी." "विचारलं. तुमच्या वडलांचं विचारलं." "प्रेमिला, तुझ्या वडलांना आज चार गावं ओळखतात. कशामुळे?" ते खरं होतं. मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, आणि त्यात राग नव्हता, खरोखरीचं दुखणं होतं, "तू सांगितलंस, मी ऐकलं. मार खाल्ला मी त्यासाठी. इतक्या वर्षांनी तू म्हणतेस ते तुझं एकटीचं? मग मी कोण? मी परका?" तिच्या हातातलं सूप थांबलं. ती म्हणाली, "तसं नाही." तिला काय म्हणायचं होतं ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. मास्तर पुन्हा पेपरांकडे वळले. थोड्या वेळानं, पाठमोरेच, म्हणाले, "त्यानंतर माझ्याच्यानं काही झालं नाही, हे तुला माहीत आहे. एक ओळ नाही. हे एकच आहे माझ्याजवळ." ते तिला माहीत होतं. पण आजवर त्यांनी तोंडानं म्हटलं नव्हतं. तिला त्यांची दया आली आणि दयेसकट मत्सर तसाच राहिला, पाण्यात बुडवलेल्या दगडासारखा, फक्त ओला होऊन.

दिवाळीनंतर बिरसीकडून चैतराम नावाचा म्हातारा आला. पांगरटोलीची उठवलेली काही घरं मैदानाच्या पलीकडच्या काठाला बसली होती, तिथं आता शाळेची खोली बांधून झाली होती, आणि सव्वीस जानेवारीला मास्तरांनी येऊन कविता म्हणावी अशी गावाची इच्छा होती. "आमचंच गाऱ्हाणं तुमी सांगून राहिले म्हणतात जगाले," चैतराम म्हणाला. "आमाले बी ऐकू द्या." प्रेमिला पाणी घेऊन आली. चैतरामनं तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. परकरातली पोर त्यानं पाहिली असेल, ती आता तिशी ओलांडलेली बाई होती. तिनंही ओळख दिली नाही. तिला त्या क्षणी एक गोष्ट सुचली. त्या गावात मास्तर ती कविता म्हणतील. माझा बाप म्हणतील. आणि तिथं कुणीतरी उठून विचारेल, कोनता बाप? कोनाची बांधी? ती म्हणाली, "मीपण येईन." मास्तरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "ये की," ते म्हणाले. त्यानंतरचे सगळे दिवस ती त्या प्रश्नावर जगली. स्वयंपाक करताना ती तो प्रश्न वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकायची. आपण आपल्या नवऱ्याची फजिती व्हायची वाट पाहतो आहोत हे तिला कळत होतं. तिला त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही ती वाट पाहतच होती.

सुशीलाबाईही आल्या. बसमधून उतरल्यावर गावानं बैलगाडी पाठवली होती. गाडीवाट मैदानाच्या कडेनं जात होती. प्रेमिला लग्नानंतर इकडे आली नव्हती, यायला काही नव्हतंच. नजर पोचेल तिथवर सपाट. धानाच्या मुलखात असं सपाट काही नसतं. पाऊलभर अंतरावर बांध असतो, चढ असतो, पाणी अडवलेलं असतं. इथं डोळ्याला अडायला काही नव्हतं. पिवळं गवत, मध्ये डांबराची फुटत चाललेली पट्टी, तिच्यावर गाई बसलेल्या. "हीच का ती जागा?" सुशीलाबाईंनी मास्तरांना विचारलं. मास्तर गाडीत उभे राहिले होते. त्यांनी हात लांब करून दाखवलं, "तिकडे बोडी होती. आणि हे सगळं, या बांध्या." बोट बरोबर जागी जात होतं. तिनंच कधीतरी सांगितलं होतं, उगवतीला बोडी, मावळतीला टोली. तिनं स्वतः पाहिलं तेव्हा तिला काहीच सापडेना. आपलं घर कुठं होतं ते तिला सांगता आलं नसतं. मास्तरांना सांगता येत होतं.

शाळेच्या खोलीसमोर शेणानं सारवलेल्या अंगणात गाव बसलं होतं. पुढे बाप्ये, एका बाजूला बायका. प्रेमिलाला 'मास्तरीनबाई' म्हणून बायकांत पुढे बसवलं, सुशीलाबाईंना खुर्ची दिली. झेंडा झाला, मुलांचं गाणं झालं, आणि मास्तर उभे राहिले. ते कधीच वाईट म्हणत नसत, पण त्या दिवशी त्यांनी जशी म्हटली तशी कविता तिनं पूर्वी ऐकली नव्हती. त्यांचा आवाज सुरुवातीलाच थोडा फाटला. त्यांना भीती वाटत होती हे तिला कळलं. जिथं खोटं ठरण्याची भीती असते तिथंच माणूस इतकं खरं बोलत असावा. 'माझ्या बापाच्या बांधीवर' म्हटलं, आणि तिनं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. कुणी उठलं नाही. म्हातारे मान खाली घालून ऐकत होते. एकानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. धानाचं बोट वर येईल, ही ओळ आली तेव्हा मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "येन, येन," आणि त्या म्हणण्यात विश्वास होता की थट्टा, ते तिला समजलं नाही. टाळ्या उशिरा वाजल्या. चैतराम उठून मास्तरांजवळ गेला. आता. त्यानं मास्तरांच्या तोंडावरून हात फिरवला, घरच्या पोरावरून फिरवावा तसा, आणि विचारलं, "तू कोनाचा बाप्पा? कोनाच्या घरचा? मले काऊन याद येऊन नाही राहिला?" मास्तरांनी एकदा बायकांकडे पाहिलं. तिच्याकडे. त्या नजरेत विनवणी होती. मग ते म्हणाले, "मनिरामच्या घरचा." चैतराम म्हणाला, "मनिराम. असंच वाटलं मले," आणि त्यानं मास्तरांना छातीशी धरलं. उत्तर खोटं नव्हतं. जावई सासऱ्याच्या घरचाच असतो. प्रेमिला उठली नाही. तिचं तोंड उघडलं होतं आणि त्यात शब्द होता, पण सगळं गाव त्या दोघांना बघून रडत होतं, आणि त्या रडण्यात जाऊन 'मनिरामची मी' म्हणणं म्हणजे जेवत्या पंगतीत उभं राहून ताट ओढून घेण्यासारखं झालं असतं. ती बसून राहिली. अशी हार तिनं आयुष्यात खाल्ली नव्हती.

तिच्या खांद्याला कुणीतरी बोट लावलं. शेजारी बसलेली एक म्हातारी तिच्याकडे मघापासून बघत होती. "चाल, उठ जरा," ती म्हणाली. प्रेमिला उठून चार पावलं तिच्यामागे गेली, तशी म्हातारी वळून म्हणाली, "पेमी होय तू. चालनंच सांगते. मनिरामची पेमी." ती रुख्माकाकी होती, टोलीवर त्यांच्या शेजारी राहणारी, जिच्या न्हाणीघरात प्रेमिला लहानपणी नागडी खेळली होती. पेमी हे नाव तिला कुणी कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं. दोघी काकीच्या घराच्या ओट्यावर बसल्या. काकीनं तिचे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मायची विचारपूस केली, आणि मग मुद्द्यावर आली. "तो तुहा नवरा होय ना?" "हो." "मंग 'माझा बाप' काऊन म्हनून राहिला?" किती महिने ज्याची वाट पाहिली तो प्रश्न हाच होता, आणि आता तो एका ओट्यावर, कुणी ऐकत नसताना आला होता. प्रेमिला म्हणाली, "कवितेत तसं म्हणतात, काकी." तिनंच मास्तरांची बाजू घेतली होती हे तिच्या नंतर ध्यानात आलं. "असन बा," काकी म्हणाली. "पर चांगला सांगते. मलेबी रडू आलं." प्रेमिलाला वाटलं, निदान इथं तरी आपण बोलावं, आपल्या बाबांबद्दल, आपल्या तोंडानं. ती म्हणाली, "बाबा त्या दिवशी यंत्रापुढं उभे राहिले होते ना, हात पसरून." काकीनं तिच्याकडे बघितलं. "कोन सांगतलं तुले?" कोणी सांगितलं? तिनं मास्तरांना सांगितलं होतं की मास्तरांनी तिला? ती शोधत गेली आणि त्या जागी फक्त ओळ सापडली.

"यंत्र तं मागून आलं," काकी म्हणाली. "पयले मुकादम आला. म्हने धुरे फोडाले मानसं पायजे. रोजी देतो. कोनी जाईना. कोन जाईन? उभा धान, निसवलेला. तं तुहा बाप घरून कुदळ घेऊन निंगाला. आमी म्हटलं, मनिराम, याड लागलं का? तो म्हने, परक्याच्या हातानं काऊन फोडू देऊ? मी बांधली, मीच उठवतो तिले. आन् गेला. वरच्या बांधीपासून सुरू केलं त्यानं. आन् कसा, माहीत आहे? हासून राहिला होता. धुऱ्याले कुदळ मारे आन् म्हने, ऊठ माय, लय दिस झोपलीस, ऊठ आता, सायेबाले जागा दे. असं म्हने आन् हासे. मुकादमबी हासे. आमीबी हासलो, का करता? वरचं पानी सुटलं तं खालच्या बांधीत, तिथून त्याच्या खालच्या. सारं पानी सुटलं. आन् त्या पान्यात मासोरी. तुमी पोट्टेसोट्टे कसे धावले. तू तं परकर खोचून सगळ्यांच्या पुढं." काकी हसायला लागली, दात नसलेल्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुहा बाप वरून ओरडे, पेमी, मोठी धर, मोठी धर."

प्रेमिलाच्या पायांना गार लागलं. बसल्या जागी, जानेवारीच्या उन्हात, तिच्या पोटऱ्यांना गढूळ पाणी लागलं आणि त्यात काहीतरी निसटतं, चपळ, तिच्या बोटांमधून गेलं. परकराचा काठ जड झाला. आणि वरून आवाज आला. बारीक, थोडा नाकातला, हसण्यानं तुटणारा. मोठी धर. तो बाबांचा आवाज होता. कुठल्याही सभेतला नव्हता. तो दिवस तिच्याजवळ सगळा होता, इतकी वर्षं. तो तिला फार आनंदाचा दिवस म्हणून आठवत होता, म्हणून गाव गेल्याच्या गोष्टीत तो तिनं कधी शोधलाच नव्हता. कुठल्यातरी पावसाळ्यातला असेल, म्हणून बाजूला ठेवला होता. त्या दिवशी घरी मासोळीचा रस्सा झाला होता. बाबा पोटभर जेवले होते. मायनं त्यांच्या हातांना तेल लावलं होतं, हात सोलवटले होते. कशानं, ते तिनं विचारलं नव्हतं. ती जेवणात गुंग होती. ओट्यावर बसून ती आता रडली नाही. ती काकीबरोबर हसली, आणि हसता हसता तिचा जबडा दुखायला लागला.

परत निघाले तेव्हा दिवस कलला होता. गाडीत सुशीलाबाई पुढे बसल्या होत्या, गाडीवाल्याला धानाच्या जातींची नावं विचारत. मास्तर तिच्याशेजारी होते, बरा कान तिच्याकडे. ते थकले होते, चैतरामच्या मिठीनं त्यांचं जाकीट चुरगळलं होतं. मग म्हणाले, "रागावलीस?" ती म्हणाली, "नाही." ते खरं होतं, म्हणून ते त्यांना पटलं. मग त्यांनी विचारलं, "ती म्हातारी तुला घेऊन गेली होती. ओळखीची होती का?" "शेजारच्या काकी." "काय सांगत होती? एवढ्या हसत होतात तुम्ही दोघी." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते आणि मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होते. तिला सौंदडचं अंगण आठवलं. तीच मान, तशीच थोडी तिरकी केलेली. आता नुसतं बोलायचं होतं. ऊठ माय, लय दिस झोपलीस, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तरी त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे तसं बघितलं असतं. त्या बघण्याची भूक तिला अजून होती, हे कळून तिला नवल वाटलं. आणि हेही तिला कळत होतं, की त्यांच्या हातून यातून जी कविता होईल ती पहिलीपेक्षा मोठी होईल. तो हसणारा माणूस आणि बांधीबांधीतून उतरणारं पाणी. त्यांची कोरडी गेलेली सगळी वर्षं भरून निघतील. ते खरं लिहितील आणि चांगलं लिहितील, आणि ती नसल्यावरही माणसं ते म्हणतील. तिच्याबरोबर राहिलं तर ते तिच्याबरोबर जाईल. काकी तर आज आहे, उद्या नाही. हे सगळं तिनं नीट पाहिलं. घाई केली नाही.

"प्रेमिला?" ते म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली. "पोरंबाळं किती, विचारत होत्या."

मास्तरांनी डोळे उघडले. तिच्या तोंडाकडे ते थोडा वेळ बघत राहिले, आणि त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मान वळवली. डाव्या कानाची बाजू तिच्याकडे आली. तिला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं तिला सोसण्यासारखं होतं. मैदान संपून बांध्या लागल्या होत्या, कापणी झालेल्या, एकीखाली एक. गाडी धुऱ्यावर चढून पलीकडे उतरली तेव्हा तिचा तोल गेला. मास्तरांनी न बघता हात पुढे केला. तिनं तो धरला आणि दुसऱ्या हातानं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, लुगड्याचा काठ, पाण्यात उतरताना घ्यावा तसा, पोटऱ्यांच्या वर ओढून घेतला.